उत्तर चुकलंय हे कळतं, पण नेमकं कुठल्या पायरीवर? बीजगणित आणि सांख्यिकीची पाच गणितं

थोरली

धाकट्या भावाचा गणिताचा गृहपाठ संध्याकाळी माझ्यासमोर येतो. मुलगा आळशी नाही, हात भराभर चालतो, सूत्रं तोंडपाठ आहेत. पण उत्तर मागच्या पानाशी जुळलं नाही की तो अख्खं गणित खोडतो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा त्याच रीतीने लिहितो. साहजिकच उत्तरही तेच येतं. ‘असं नसतं करायचं’ एवढं मी सांगते, पण त्याचं त्यावर समाधान होत नाही आणि होऊही नये. त्याला ‘का नाही’ हे हवं असतं. म्हणून त्याच्या वहीतली पाच गणितं त्याने सोडवली तशीच खाली उतरवते आहे. बरोबर रीत पुस्तकात आहेच. त्याच्या विचारात गाठ कुठे बसली आहे तेवढं सांगा.

पहिलं:
(क्ष − ३)(क्ष − ४) = २
क्ष − ३ = २ किंवा क्ष − ४ = २
क्ष = ५ किंवा क्ष = ६
मागे उत्तर २ आणि ५ असं आहे. त्याचं म्हणणं, ‘एक तरी बरोबर आलं ना, म्हणजे रीत बरोबर आहे. दुसऱ्यात बेरीज-वजाबाकी चुकली असेल.’

दुसरं:
क्ष² = ५क्ष
दोन्हीकडचा एक क्ष उडवला, क्ष = ५.
मागे ० आणि ५ आहे. तो ० कुठून आला हे त्याला कळत नाही.

तिसरं:
क्ष/२ − (क्ष − १)/३ = २
६ ने गुणून: ३क्ष − २क्ष − २ = १२
क्ष = १४. मागे १० आहे.

चौथं: एका तुकडीत २० विद्यार्थी, त्यांच्या गुणांचा मध्य ६२. दुसऱ्या तुकडीत ३० विद्यार्थी, मध्य ७२. दोन्ही तुकड्या मिळून मध्य किती? त्याने ६२ आणि ७२ ची बेरीज करून निम्मी केली, ६७. मागे ६८ आहे. एकाचाच फरक, म्हणून ही छपाईची चूक आहे असं तो ठामपणे सांगतो.

पाचवं: खालच्या सारणीवरून मध्यक काढा.
०–१० : ४
१०–२० : ६
२०–३० : १५
३०–४० : ९
४०–५० : ६
एकूण ४०, निम्मे २०. मध्यक वर्ग २०–३० हे त्याने बरोबर ओळखलं. संचित वारंवारता (म्हणजे तिथवरच्या वारंवारतांची बेरीज) मात्र २५ घेतली. मग २० + ((२० − २५) ÷ १५) × १० करून १६.६७ आलं. मागे २६.६७ आहे. बरोबर १० चा फरक दिसल्यावर त्याने खालच्या मर्यादेच्या जागी ३० घालून पाहिलं आणि उत्तर तंतोतंत जुळलं. आता तो म्हणतो की सूत्रात वरची मर्यादाच घ्यायची असते. मी नाही म्हणते, पण उत्तर तर जुळतंय. इथे मलाच पुढे बोलता येत नाहीये.

खडू_डस्टर

थोरली, चुकीची मांडणी न सुधारता दिलीत हे फार चांगलं केलंत. मी आयुष्याचा मोठा भाग फळ्यासमोर काढला आहे. मुलाला काय समजलं आहे ते त्याच्या चुकलेल्या ओळी वाचूनच मला कळायचं, बरोबर आलेल्या गणितातून ते कधी दिसत नाही. सांख्यिकीचं कुणीतरी घ्या, मी पहिल्या तिन्हींचं सांगतो.

पहिल्या गणितावर पूर्ण एक संध्याकाळ घालवली तरी चालेल. आधी त्याच्याकडून पडताळा करून घ्या. ५ ठेवला तर २ × १ = २, जमलं. ६ ठेवला तर ३ × २ = ६, नाही जमलं. म्हणजे दुसऱ्यात बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही, ४ + २ सहाच होतात. आता त्याला विचारा की ५ जमला तो कशामुळे. पहिला कंस २ केला तेव्हा त्याने दुसऱ्या कंसाकडे पाहिलंच नव्हतं. दुसरा कंस पहिल्यापेक्षा नेहमी १ ने लहान आहे. पहिला २ झाला की दुसरा आपोआप १ होतो आणि १ ने गुणून काही बदलत नाही. केवळ तेवढ्यासाठी ५ टिकला. दुसरा कंस २ केला की पहिला ३ होतो आणि गुणाकार ६ वर जातो.

हे एवढ्याने त्याला पटणार नाही, कारण ‘एक तरी बरोबर आलं’ हा आधार अजून शिल्लक आहे. तो काढायला उजवीकडे २ ऐवजी ६ लिहा आणि त्याच्याच रीतीने सोडवू द्या. ९ आणि १० येतील. ९ ठेवला तर ६ × ५ = ३०, १० ठेवला तर ७ × ६ = ४२. एकही जमत नाही. खरी उत्तरं १ आणि ६ आहेत, तीही ठेवून पाहू दे: (−२)(−३) = ६ आणि ३ × २ = ६.

मग त्याला दोन संख्यांचा गुणाकार २ होईल अशा जोड्या लिहायला सांगा. २ आणि १, ४ आणि अर्धा, −१ आणि −२, १० आणि ०.२… त्याचा हात थांबणार नाही. आता गुणाकार ० होईल अशा जोड्या लिहायला सांगा. प्रत्येक जोडीत एक तरी शून्य ठेवावंच लागतं. ‘हा कंस शून्य किंवा तो कंस शून्य’ असं आपण लिहितो ते याच गुणामुळे, आणि हा गुण शून्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही संख्येत नाही. उजवीकडे शून्य आणायची सक्ती त्यासाठी आहे. म्हणून क्ष² − ७क्ष + १२ = २, त्यावरून क्ष² − ७क्ष + १० = ०, मग (क्ष − २)(क्ष − ५) = ०.

दुसऱ्यात त्याने क्ष ‘उडवला’. उडवणं म्हणजे दोन्ही बाजूंना क्ष ने भागणं. शून्याने भागता येत नाही, त्यामुळे भागताना त्याने न बोलता ‘क्ष शून्य नाही’ असं ठरवून टाकलं, आणि नेमकं तेच एक उत्तर होतं. सगळं डावीकडे घेऊन क्ष(क्ष − ५) = ० लिहिलं की दोन्ही उत्तरं समोर राहतात. संख्येने भागायला हरकत नाही. अक्षराने भागायचं झालं तर आधी ‘हे शून्य असलं तर?’ असा प्रश्न वहीत लिहायचा, त्याचं उत्तर तपासायचं आणि मगच भागायचं.

तिसऱ्यात अपूर्णांकाची रेघ कंसाचंही काम करते, हे मुलांना कुणी सांगत नाही. क्ष − १ हा सगळा अंश एकत्र आहे. छेद गेला की रेघ गेली आणि रेघेबरोबर कंसही पुसला गेला. छेद काढायच्या आधी कंस हाताने घालायचा: ३क्ष − २(क्ष − १) = १२. मग ३क्ष − २क्ष + २ = १२, क्ष = १०. पडताळा ५ − ३ = २.

आणखी एक करा. वहीच्या समासात प्रत्येक ओळीसमोर ‘दोन्ही बाजूंना काय केलं’ ते लिहायला लावा: ‘७ मिळवले’, ‘६ ने गुणलं’, ‘क्ष ने भागलं’. ‘पलीकडे नेलं’ आणि ‘उडवलं’ हे शब्द काही काळ बंदच ठेवा. आणि प्रत्येक ओळीवर एक प्रश्न विचारायचा: खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर परत जाता येतं का? ७ मिळवले तर ७ वजा करून परत जाता येतं. ६ ने गुणलं तर ६ ने भागून परत जाता येतं. क्ष ने भागलं तर परतीची वाट क्ष शून्य नसेल तरच आहे. खोडाखोड यानेच थांबेल, कारण गणित चुकलं तरी ज्या ओळीवर परत जाता येत नाही तेवढीच ओळ त्याला शोधायची असेल. अख्खं गणित खोडायचं कारणच उरणार नाही.

बेरीज

चौथं आणि पाचवं मी घेते, पाचव्यात तर तुमच्या भावाला शाबासकी द्यायची आहे.

चौथ्यात एकच सवय लावायची: मध्य दिसला की लगेच बेरीज काढायची. मध्य म्हणजे बेरीज भागिले संख्या, त्यामुळे मध्य आणि संख्या दिली असेल तर बेरीज आपल्या हातात असते. २० × ६२ = १२४०. ३० × ७२ = २१६०. एकूण ३४००, विद्यार्थी ५०, मध्य ६८. बेरजा एकमेकींत मिळवता येतात, मध्य तसे मिळवता येत नाहीत.

छपाईच्या चुकीचा मुद्दा मात्र निकाली काढा. आकडेमोड करण्याआधी विचारा, मोठी तुकडी कुठली? ७२ वाली. मग एकत्र मध्य कुणाकडे झुकेल? ७२ कडे. म्हणजे पेन उचलायच्या आधीच उत्तर ६७ पेक्षा जास्त असणार हे कळलं. सी-सॉच्या फळीसारखं बघायचं: ६८ ला टेकू दिला तर एका बाजूला २० जण ६ अंतरावर आणि दुसऱ्या बाजूला ३० जण ४ अंतरावर, दोन्हीकडे १२०. तरीही तो अडला तर एका तुकडीत १ आणि दुसरीत ९९ विद्यार्थी घेऊन त्याच्या रीतीने मध्य काढायला सांगा. त्या एकट्या मुलाचं वजन ९९ जणांएवढं कसं झालं, हा प्रश्न तो स्वतःच विचारेल.

आता पाचवं. त्याला ३० घातल्यावर बरोबर उत्तर आलं तो योगायोग नाही. त्याला नकळत एक खरी रीत सापडली आहे, फक्त त्याने तिचं कारण चुकीचं दिलं.

सूत्र बाजूला ठेवा आणि ४० जणांना चढत्या क्रमाने एका रांगेत उभे करा. आपल्याला रांगेतल्या २० व्या जणापर्यंत पोचायचं आहे. पहिल्या दोन वर्गांत ४ + ६ = १० जण संपले आणि आपण २० या किमतीपाशी आलो. अजून १० जण हवेत. पुढच्या वर्गात १५ जण आहेत आणि ते २० ते ३० मध्ये सारख्या अंतराने पसरलेत असं आपण मानतो. हे गृहीतक आहे, सारणी पाहून आपल्याला खरं काय ते कळत नाही. १५ पैकी १० म्हणजे वर्गाचा दोन तृतीयांश भाग. वर्ग १० रुंद, त्याचे दोन तृतीयांश ६.६७. म्हणून २० + ६.६७ = २६.६७. पुस्तकातलं सूत्र म्हणजे हेच वाक्य आहे, आणि ‘आधीच्या वर्गाची’ संचित वारंवारता घ्यायची ती आपण खालच्या टोकाला उभे आहोत म्हणून.

त्याने काय केलं? संचित वारंवारता २५ घेतली. २५ जण संपतात ते ३० या किमतीपाशी. म्हणजे तो वर्गाच्या वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथून २० व्या जागी यायला ५ जण मागे यावं लागतं: २० − २५ = −५. १५ पैकी ५ म्हणजे एक तृतीयांश, ३.३३ मागे. ३० − ३.३३ = २६.६७. वरून मोजा नाहीतर खालून, जागा तीच.

पहिल्या वेळी घोटाळा झाला तो उभं राहण्याच्या जागेत. लोक मोजले वरच्या टोकापर्यंतचे आणि चालायला सुरुवात केली खालच्या टोकापासून. ‘२० आणि १०’ ही एक जोडी आहे, ‘३० आणि २५’ ही दुसरी. जोडी फोडायची नाही. परीक्षेत पहिलीच जोडी वापरू दे, तपासणाऱ्याला ती ओळखीची असते. घरी दुसऱ्या जोडीने पडताळा करू दे.

आणि १६.६७ आल्याबरोबर थांबायला हवं होतं. मध्यक वर्ग २०–३० आहे असं स्वतःच लिहून मध्यक त्या वर्गाच्या बाहेर कसा जाईल?

याच सारणीवर मध्य आणि बहुलकही (सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत) काढून घ्या, सगळं एकाच ठिकाणी दिसतं. गृहीत मध्य २५ घेतला तर विचलनं −२०, −१०, ०, १०, २०. वारंवारतेने गुणून −८०, −६०, ०, ९०, १२०, बेरीज ७०. ७० ÷ ४० = १.७५, म्हणून मध्य २६.७५. बहुलक: २० + ((१५ − ६) ÷ (३० − ६ − ९)) × १० = २६. तिन्ही एकाच वर्गात आणि जवळजवळ, कारण सारणी दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी सारखी उतरते. एखादं उत्तर ४१ आलं असतं तर सूत्र न तपासताही संशय घेता आला असता.

थोरली

दोघांचेही मनापासून आभार. रांगेचं त्याला फारच पटलं. वरून मोजूनही तेच येतं हे त्याने दोन वेगळ्या सारण्यांवर स्वतः करून पाहिलं. समासात लिहायला कंटाळत होता, पण ‘क्ष ने भागलं’ असं लिहिल्यावर स्वतःच थांबला.

आता त्याचा पुढचा प्रश्न. भागल्याने उत्तर हरवतं, तर उलट जास्तीचं उत्तर कुठून येऊ शकतं का? कारण हे एक गणित त्याने केलंय:
√(क्ष + ७) = क्ष − ५
वर्ग करून: क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५
क्ष² − ११क्ष + १८ = ०
क्ष = ९ किंवा क्ष = २
पुस्तकात फक्त ९ आहे. समासात त्याने लिहिलंय, ‘दोन्ही बाजूंचा वर्ग केला, परत जायला वर्गमूळ घ्यायचं.’ मग २ का नको?

खडू_डस्टर

या प्रश्नाने फार आनंद झाला. त्याला सांगा की हरवणं आणि वाढणं या दोन्हींचं मूळ एकच आहे, परतीची वाट.

२ ठेवून पाहा. डावीकडे √९ = ३, उजवीकडे २ − ५ = −३. समान नाहीत. पण दोन्हींचा वर्ग ९. वर्ग केल्याबरोबर ३ आणि −३ मधला फरक पुसला जातो आणि वर्गमूळ घेऊन परत येताना आपण दोघांपैकी कुठून निघालो होतो ते सांगता येत नाही. ‘परत जायला वर्गमूळ घ्यायचं’ हे त्याने बरोबर लिहिलं, फक्त त्या ठिकाणी वाटेला दोन फाटे आहेत. म्हणून वर्ग केला असेल तर शेवटी मूळ समीकरणात किंमत ठेवून पाहणं हा सोडवण्याचाच भाग आहे, ऐच्छिक नाही. ९ ठेवला तर √१६ = ४ आणि ९ − ५ = ४, तो राहिला.

यावरून एक जुनं गणित त्याला द्याच. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली. उरलेलं एक फांदीवर चढलेलं दिसतं. कळपात किती? समीकरण (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. ५० ठेवा: १० − ३ = ७, वर्ग ४९, आणि १ मिळून ५०. ५ ठेवा: १ − ३ = −२, वर्ग ४, आणि १ मिळून ५. दोन्ही समीकरणात बसतात! तरीही भास्कराचार्य ५ घेऊ नये असं सांगतात, कारण पाचव्या भागातून तीन वजा करताना संख्या ऋण होते आणि वानरांच्या बाबतीत ते जुळत नाही.

या दोन्हींतला फरक त्याने नीट पाहावा असं मला फार वाटतं. वर्गमुळाच्या गणितात २ हा समीकरणालाच लागू पडत नाही, तो मधल्या पायरीवर आत शिरला. वानरांच्या गणितात ५ समीकरणाला लागू पडतो, गोष्टीला पडत नाही. पहिला समीकरणात ठेवून पकडायचा, दुसरा गणिताचा मजकूर पुन्हा वाचून. पुष्कळ मुलं ‘ऋण उत्तर टाकायचं’ एवढाच नियम धरून बसतात. तो इथे उपयोगाचा नाही, कारण २ आणि ५ दोन्ही धन आहेत.

अपूर्णांक_नको

वर्गसमीकरणं चालली आहेत म्हणून एक भर. पूर्ण वर्ग करताना मुलं अपूर्णांकांत अडकतात. भास्कराचार्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांची रीत, जी भास्कराचार्यांनीही उद्धृत केली आहे, त्यात मधे अपूर्णांक येतच नाहीत. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणायचं आणि क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवायचा.

२क्ष² + ७क्ष = १५
८ ने गुणून: १६क्ष² + ५६क्ष = १२०
४९ मिळवून: (४क्ष + ७)² = १६९
४क्ष + ७ = १३ किंवा −१३
क्ष = ३/२ किंवा −५

पाठ केलेलं सूत्र ऐन वेळी आठवलं नाही तर यातून ते दोन ओळींत परत उभं करता येतं. मला स्वतःला सूत्रापेक्षा हीच रीत जास्त भरवशाची वाटते.

नवखा_वाणिज्य

मध्येच विचारतो, विषय जवळचाच आहे. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ यांचं प्रमाण विचलन मी हाताने २ काढलं. कॅल्क्युलेटर एका बटणावर २ देतो आणि दुसऱ्यावर २.१४. दोन्ही बरोबर कसे असतील? वर्गात ‘एक कमी करून भागा’ एवढंच सांगितलं आहे.

बेरीज

दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. मध्य ५. विचलनं −३, −१, −१, −१, ०, ०, २, ४. त्यांचे वर्ग ९, १, १, १, ०, ०, ४, १६, बेरीज ३२. हे आठ आकडे हाच तुमचा सगळा समूह असेल तर ८ ने भागायचं: ४, वर्गमूळ २. हे आठ एखाद्या मोठ्या समूहातून उचललेला नमुना असतील आणि त्यावरून मोठ्या समूहाच्या विचरणाचा (प्रमाण विचलनाच्या वर्गाचा) अंदाज करायचा असेल तर ७ ने: ४.५७, वर्गमूळ २.१४. गणितात ‘नमुना’ हा शब्द आहे का ते आधी बघा, तिथेच निर्णय होतो. एक्सेलमध्येही यासाठी दोन वेगळी फंक्शन्स आहेत.

७ का, ते असं. वरची विचलनं बेरीज करून पाहा: −६ आणि +६, शून्य. कुठलेही आकडे घेतले तरी मध्यापासूनच्या विचलनांची बेरीज शून्यच होते. म्हणून पहिली सात विचलनं सांगितलीत की आठवं मी न बघता सांगू शकते. मोकळेपणाने बदलू शकणारी सातच आहेत. दुसरी बाजू अशी की खऱ्या मोठ्या समूहाचा मध्य आपल्याला माहीत नाही, त्याच्या जागी आपण नमुन्याचाच मध्य वापरला, आणि नमुन्याचे आकडे स्वतःच्या मध्याला सर्वांत जवळ असतात. ५ ऐवजी ६ पासून विचलनांचे वर्ग घेऊन पाहा: १६, ४, ४, ४, १, १, १, ९, बेरीज ४०. ५.५ घेतलं तर ३४. कुठलीही संख्या घ्या, ३२ च्या खाली बेरीज जात नाही. म्हणजे आपली बेरीज खऱ्या मध्यापासूनच्या बेरजेपेक्षा कमीच भरणार (फार तर तेवढीच), म्हणून भागणारा आकडाही थोडा कमी घ्यायचा. थोडा म्हणजे नेमका एकच का, याची सिद्धता तुमच्या पुढच्या अभ्यासक्रमात येईल. अशा एक कमी करून भागण्याला बेसेलची दुरुस्ती म्हणतात.

नवखा_वाणिज्य

३२ च्या खाली जात नाही हे ४.९ आणि ५.१ घेऊनही करून पाहिलं. दोन्हींना ३२.०८. आता ‘एक कमी’ डोक्यात बसलं.

खडू_डस्टर

थोरली, भावाला हे दोन द्या. उत्तरं सांगत नाही.
क) २५ प्राप्तांकांचा मध्य ४० आला. नंतर कळलं की ६३ च्या जागी चुकून ३६ वाचले होते. खरा मध्य किती?
ख) क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) + ३

थोरली

‘क’ मध्ये त्याने आधी बेरीज १००० काढली, २७ मिळवले, १०२७ ÷ २५ = ४१.०८. पंचवीसच्या पंचवीस आकडे माहीत नसताना मध्य कसा दुरुस्त होतो, हे त्याला जादूसारखं वाटलं, पण ‘बेरीज आपल्या हातात असते’ असं स्वतःच म्हणाला.

‘ख’ मध्ये त्याने (क्ष − २) ने गुणलं. क्ष = २ + ३क्ष − ६, त्यावरून क्ष = २. मग समासात ‘परत जाताना क्ष − २ ने भागायचं, म्हणजे शून्याने’ असं लिहून थांबला आहे. उत्तरच नाही असं म्हणतोय. मागचं पान न बघता म्हणतोय, आणि खोडलेलं काही नाही.

खडू_डस्टर

बरोबर म्हणतोय. फक्त तिथेच सोडून देऊ नका, परीक्षेत नुसती रेघ मारून ठेवली तर गुण जातात. ‘क्ष = २ घेतल्यास छेद शून्य होतो, म्हणून या समीकरणाला उकल नाही’ असं पूर्ण वाक्य लिहू दे. आणि असं समीकरण आलं की पहिल्याच ओळीत ‘क्ष ≠ २’ असं लिहून मगच गुणायला सुरुवात करायची. शेवटी २ आला की वर बघायचं, लगेच कळतं.